चेंजलॉग ठेवा, पण एकाच फाइलीत हाताने लिहू नका

गिट लॉग (कोडमधल्या बदलांचा गिटने ठेवलेला इतिहास) असताना वेगळा चेंजलॉग (प्रत्येक आवृत्तीत काय बदललं याची यादी) कशाला, असा प्रश्न पडतो. उत्तर वाचकात आहे. 'नल चेक टाकला' ही कमिटची (गिटमध्ये नोंदवलेल्या एका बदलाची) ओळ कोड वाचणाऱ्याला पुरते. आवृत्ती बदलणाऱ्याला हवं असतं: 'टाइमआउट रिकामा ठेवल्यास प्रोग्रॅम बंद पडायचा; आता ३० सेकंद धरले जातात.' शिवाय टारबॉल (कोडची एकत्र बांधलेली फाइल) उतरवणाऱ्याकडे गिटचा इतिहास नसतोच.

खरी कटकट मर्ज कॉन्फ्लिक्टची, म्हणजे दोघांचे बदल एकाच ओळीवर आदळण्याची. दहा पुल रिक्वेस्ट (मुख्य कोडमध्ये घ्यायला पाठवलेले बदल) चेंजलॉगमधल्या 'अनरिलीज्ड' मथळ्याखालच्या त्याच ओळीला हात लावतात. एक मर्ज झाली की उरलेल्या नऊ अडतात. गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये मर्ज=युनियन (दोन्हीकडच्या ओळी ठेव) लावलं तर कॉन्फ्लिक्ट दिसत नाही, पण ओळींचा क्रम बिघडतो. मध्येच रिलीज झालं असेल तर नवी नोंद गुपचूप जुन्या आवृत्तीखाली जाऊन बसते. हे जास्त वाईट!

त्यापेक्षा पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) प्रकल्पासारखं करा. न्यूज फोल्डरमध्ये प्रत्येक बदलाची एक छोटी फाइल, नावात इश्यूचा क्रमांक आणि प्रकार: १२३४.बगफिक्स.आरएसटी. रिलीजच्या वेळी टाउनक्रायर हा प्रोग्रॅम हे तुकडे जोडून मुख्य फाइलीत घालतो आणि पुसून टाकतो. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) 'टाउनक्रायर चेक' लावा, म्हणजे विसरलेला तुकडा तिथेच पकडला जाईल. मात्र चेकआउट (सीआयने उतरवलेली कोडची प्रत) एकाच कमिटपुरतं उथळ असेल तर तुलनेला मुख्य शाखाच सापडत नाही आणि चेक उगाच फेल होतो. पूर्ण इतिहास आणा.

कुठल्या फाइलीत कुठलं फंक्शन बदललं, ही ग्नू प्रकल्पाच्या जुन्या पद्धतीची नोंद मात्र हाताने ठेवू नये. ग्नूचा कंपायलर संच असलेलं जीसीसीसुद्धा २०२० पासून ती कमिट संदेशांतूनच स्क्रिप्टने तयार करतं.