रात्री दीड वाजता तान्ह्या बाळाला ताप: फोनवर विचारायला कुणीतरी हवं की नको?

वडगावची आई
गेल्या पावसाळ्यातली, इथं बेळगावातल्या वडगावची गोष्ट. बाळ ३८ दिवसांचं. रात्री पाजायला घेतलं तर ओढेना, आणि जेवढं प्यायलं तेवढं टाकायला लागलं. अंग कढत लागलं म्हणून काखेत थर्मामीटर लावलं तर १००.८. दीड वाजला होता.

जिथं डोस देतो त्या डॉक्टरांचा फोन बंद. जिथं बाळंतपण झालं तिथं फोन लागला, उचलणारा म्हणाला, "ओपीडी साडेदहाला, नाव लिहून ठेवू का?" मग एका हेल्पलाईनवर लावला. पलीकडची बाई कन्नड बोलणारी, माझं कन्नड बाजारापुरतं. मी म्हटलं "दूध टाकतोय", तिनं धरलं वांती. किती वेळा, कुठल्या रंगाची, पोट फुगलंय का, दहा मिनिटं त्यातच गेली आणि ताप बाजूलाच राहिला. सासूबाई घाबरून ओव्याची धुरी करायला उठल्या, जाऊबाईंचा फोन आला की तापाचे ड्रॉप घाल. प्रत्येकाला बाळाची काळजीच होती. पण तीन वाजेपर्यंत मी हॉलमध्ये बाळ घेऊन फेऱ्या मारत होते.

शेवटी मागच्या गल्लीतल्या एका सिस्टर आठवल्या. त्यांनी फोनवर तीनच गोष्टी विचारल्या. किती दिवसांचं? ताप मोजलास की हातानं बघितलास? ओढतंय का? आणि म्हणाल्या, "तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि १००.४ किंवा वर ताप, म्हणजे सकाळची वाट बघायची नाही. वरचं काही पाजू नको, छातीला लाव आणि निघ." दोन मिनिटांचं बोलणं. लघवीत इन्फेक्शन निघालं, दहा दिवस शिरेतून इंजेक्शनं चालली. बाळ आता आठ महिन्यांचं आहे, रांगतंय.

माझं म्हणणं एवढंच की ती दोन मिनिटं मिळायला मला दीड तास लागला. बेळगावात लहान मुलांचे डॉक्टर थोडे नाहीत. पाळी लावून एका रात्री एकानं, नाहीतर शिकवून तयार केलेल्या एखाद्या सिस्टरनं फोन चालू ठेवावा. पैसे घ्या, आम्ही देऊ. पण विचारायला माणूस हवं, आणि त्याला मराठी कळायला हवं.

बालरोगतज्ज्ञ, चिक्कोडी भाग
ताई, बाळ बरं झालं हे वाचून बरं वाटलं. तरी तुमच्या मागणीला माझा विरोध आहे, आणि तो आळसापोटी नाही.

माझी प्रॅक्टिस २२ वर्षांची. पहिली १४ वर्षं माझा फोन रात्रभर चालू असायचा. दिवसाची ओपीडी सत्तर-ऐंशी मुलांची. रात्री अकरापासून फोन सुरू. नाक चोंदलंय, दोन दिवस शी झाली नाही, डोस घेतलेला पाय सुजलाय. यात चुकीचं काही नाही, पहिलटकरणीला भीती वाटणारच. पण एका पहाटे असेच चार फोन झाल्यावर पाचवा आला, मी झोपेत "सकाळी आणा" म्हटलं आणि ठेवला. ते बाळ न्यूमोनियाचं होतं. वाचलं, पण सकाळी आणलं तेव्हा त्याच्या फासळ्यांखाली श्वासागणिक पडणारा खड्डा मी अजून विसरलेलो नाही. फोनवर मला तो खड्डा दिसला नव्हता. त्या दिवसापासून रात्री फोन बंद.

२५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यातही हेच आहे. तातडीच्या वेळी प्रत्यक्ष तपासणी मिळण्यासारखी असेल तर फोनवर भागवू नये, प्रथमोपचार आणि कुठं न्यायचं एवढंच सांगावं. तुमच्या सिस्टरनीही "निघ" एवढंच सांगितलं. मग ते बाळंतपणाच्या डिस्चार्जच्या वेळीच कागदावर लिहून दिलेलं असतं तर फोनची गरज कुठं होती? बेळगावच्या सिव्हिलला कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी असते, नवजात बाळांचा वेगळा विभाग आहे. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि ने-आण फुकट, ही योजना कित्येक वर्षं चालू आहे. १०८ आहे. या.

जांबोटीच्या आतला बाप
डॉक्टरसाहेब, "या" म्हणायला सोपं हाय. आमच्या वाडीत रेंज घ्यायला देवळामागच्या टेकाडावर चढायला लागतंय. जुलैत कणकुंबीकडचा पाऊस काय असतोय ते तुम्हाला माहीत असणार. मोऱ्यांवरनं पाणी जातंय, झाड आडवं पडलेलं असतंय, १०८ वाला विचारतोय, "रोडपर्यंत आणता काय?"

माझी पोरगी अडीच महिन्यांची असताना रात्री नऊपासून किंचाळत होती. पाय पोटाशी ओढायची, लालबुंद व्हायची. गावातली एकमेव गाडी काढली, दोन हजार भाडं, भिजत बेळगाव गाठलं. तिथं पोचेपर्यंत पोरगी झोपली. डॉक्टरीण बाईंनी तपासलं, म्हणाल्या गॅसचं रडणं, या वयात असतंय, ताप नाही, दूध पिते, घरी न्या. चांगलं सांगितलं. पण माझी आठवड्याची मजुरी गेली.

पुढच्या महिन्यात पोरगीला खोकला झाला. पैशाकडं बघून मी दोन दिवस थांबलो. तेव्हा थांबायला नको होतं. चार दिवस ऑक्सिजनवर होती.

म्हणजे दोन्ही वेळा माझा अंदाज चुकला. शहरातल्याला चुकीची फेरी पडली तर रिक्षाचे दोनशे जातात, आमची पुढची फेरी चुकते. मला फोनवर औषध नको आहे. निघू की थांबू, एवढं कुणी सांगायला पायजे.

शहापूरचा मेडिकलवाला
फोनवर औषध नको, हे तुम्ही म्हणालात ते फार बरं केलंत. मी ३० वर्षं काउंटरवर आहे, रात्री शटर वाजवणारे बाप बघतोय.

एक उदाहरण सांगतो, प्रत्येक घरानं ध्यानात ठेवावं असं. पॅरासिटामॉलचे ड्रॉप येतात त्यात १ मिलीला १०० मिलिग्रॅम असतं. साधं सिरप येतं त्यात ५ मिलीला १२५, नाहीतर २५०. आता चार किलोच्या बाळासाठी कुणी फोनवर म्हणालं "अडीच एमएल द्या", तर १२५ च्या सिरपचं ते साधारण बरोबर आहे, साठेक मिलिग्रॅम. घरात मात्र थोरल्याची उरलेली ड्रॉपची बाटली. त्यातलं अडीच एमएल म्हणजे २५०. चौपट. आणि हे सांगणारा खोटं बोललेला नसतो, ऐकणारा अडाणी नसतो. दोन्ही बाटल्यांवर नाव तेच, चित्र तेच. माझ्याकडं एकजण रिकामी होत आलेली ड्रॉपची बाटली घेऊन आला होता, "आणखी एक द्या" म्हणून. मी विचारलं कधी उघडली, म्हणाला काल. मी त्याला तिथूनच दवाखान्यात पाठवलं.

खोकल्याच्या औषधाचंही तेच. २०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या सिरपनं गेल्यावर केंद्रानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत. तरी रात्री येणारा म्हणतो, "मावशीनं फोनवर नाव सांगितलंय." मी देत नाही. शिव्या खातो, पण देत नाही. म्हणून माझं मत डॉक्टरांच्या बाजूनं.

येळ्ळूरचे आजोबा
मी ७६ वर्षांचा. नातू टाईप करून देतोय.

सगळे म्हणतात पूर्वी घरात मोठी माणसं होती, त्यामुळं असे प्रश्न पडत नव्हते. माझं ऐका. १९७९ साली आमचं दुसरं मूल आठव्या दिवशी दूध ओढेना. तोंड उघडायचं नाही, हात लावला की अंग ताठ करायचं. घरात तेव्हा जाणती माणसं पाच होती. पाचही जणांनी सल्ला दिला. कुणी दृष्ट काढली, कुणी हिंग लावला, कुणी शेजारच्या गावचा जाणता आणायला सायकल पाठवली. बेळगाव इथून काही लांब नाही, बैलगाडीनंही तासा-दीड तासात पोचलो असतो. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. तो धनुर्वात होता, डॉक्टर म्हणाले. नाळेतून गेलेला. मूल वाटेतच थंड पडलं होतं.

म्हणून मला सल्ला हा शब्दच सोसत नाही. घरातल्या माणसाचा असो की फोनवरच्या. बाळ दूध ओढत नाही ना, मग उचला आणि निघा. विचारत बसू नका. माझी बायको अजून त्या महिन्यात बोलत नाही फारसं.

वडगावची आई
आजोबा, तुमचं वाचून मघापासून बाळाला मांडीवर घेऊन बसले आहे. काय लिहू कळत नाही. आजीला माझा नमस्कार सांगा.

पण "उचला आणि निघा" हे कळायला कधी निघायचं हे माहीत हवं ना? तुम्हाला ते आज कळतं, फार मोठी किंमत देऊन. मला त्या रात्री माहीत नव्हतं की ३८ दिवसांच्या बाळाचा ताप आणि चार वर्षांच्या पोराचा ताप यात एवढं अंतर आहे. मी एमकॉम झालेली बाई. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

भाषेचा मुद्दा नको
ताई, बाकी पटलं, पण मराठी-कन्नड यात कशाला? बेळगावचे कन्नड डॉक्टर आपल्या आईपेक्षा चांगलं मराठी बोलतात. दर गोष्टीत सीमाप्रश्न आणला की मूळ काम राहून जातं. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची आरोग्य योजना द्यायची म्हटल्यावर दोन्ही सरकारं भांडली, बाळाच्या तापाचं त्यात काय झालं?

वडगावची आई
डॉक्टरांबद्दल माझी तक्रारच नाही. समोर बसल्यावर भाषा अडत नाही, हात, डोळे, बाळ सगळं बोलतं. फोनवर फक्त शब्द असतो. "दूध टाकतोय" आणि "ओकतोय" यातला फरक इथल्या कुठल्याही बाईला कळतो. टाकणं म्हणजे पाजल्यावर ओठांच्या कडेनं येतं ते, ओकणं म्हणजे पोटातून जोरानं. पलीकडच्या बाईंना तो कळला नाही, त्यात त्यांचा दोष नाही. पण "मलूल पडलंय", "कण्हतंय", "टाळू खोल गेलीय" हे मी रात्री दीड वाजता कन्नडमध्ये कुठून आणू? यात सीमाप्रश्न नाही. माझ्या घशाला कोरड पडली होती, एवढंच.

आशा कार्यकर्ती, निपाणी तालुका
रात्रीचा फोन कुणाला येतो विचाराल तर तो आम्हाला येतो. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तर आम्ही घरी सहा वेळा जातो. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. ताई, तुमचं बाळ ३८ दिवसांचं होतं, म्हणजे २८ ची भेट झालेली आणि ४२ ची व्हायची. त्यानंतर पुढची भेट थेट तिसऱ्या महिन्यात.

मी काय करते सांगते. पहिल्या भेटीतच बाळाचं झबलं वर करते आणि आईलाच श्वास मोजायला लावते. बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट, घड्याळ धरून. अर्ध्या मिनिटाचे दुप्पट नाही करायचे, कारण तान्ह्याचा श्वास मधेच थांबतो, मधेच पळतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचं, परत तेवढेच आले तर निघायचं. आईनं एकदा स्वतः मोजलं की रात्री तिचा फोनच वेगळा येतो. "आशाताई, बाळ कसंतरी करतंय" असं ती म्हणत नाही, "ताई, ६८ आले, दोनदा मोजले" म्हणते. मग मला विचार करावा लागत नाही.

तळहात-तळपाय पिवळे झाले, अंग गार पडलं, हलवल्याशिवाय हालचाल करत नाही, झटका आला, ओढायचं बंद झालं, छाती आत जाते. यातलं एकही असलं तर फोन करण्यात वेळ घालवू नका, गाडीत बसून करा. डॉक्टर म्हणतात कागद द्यावा. देतात हो कागद. तो फाईलला टाचलेला असतो आणि फाईल कपाटात वरच्या खणात. कागद वाचायला शिकवणारं माणूस लागतं. म्हणून मी फोनच्या बाजूनं आहे, पण ते काम आम्हा आशांवर रात्रीचं फुकट टाकू नका. मलाही घरी दोन पोरं आहेत.

बालरोगतज्ज्ञ, चिक्कोडी भाग
आशाताई, ६८ आणि दोनदा मोजले, असा फोन मला कुणी केला असता तर मी तो कधीच बंद केला नसता, हे खरं.

जांबोटीचे दादा, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. तुमच्या पहिल्या फेरीला मी फोनवर घरी थांबवलं असतं का? ताप नाही, दूध पिते, रडण्याच्या मधे शांत होते, एवढं कळलं असतं तर कदाचित हो. पण कदाचित. आणि त्या कदाचितची जबाबदारी रात्री दोन वाजता एकट्या माणसानं घेऊ नये, या मतावर मी अजून आहे. वडगावच्या ताईंची पाळीची कल्पना मात्र मी नीट वाचली नव्हती. मी रोज रात्रीचा विचार करत होतो. आमच्या भागात आम्ही बारा-तेरा जण आहोत. पंधरवड्यातून एक रात्र, दुसऱ्या दिवशी सकाळची ओपीडी बंद ठेवून, मी घेईन. अट एकच, औषधाचं नाव आणि मात्रा फोनवर सांगणार नाही. कितीही आग्रह केला तरी.

शहापूरचा मेडिकलवाला
या अटीवर माझा विरोध मागं.

येळ्ळूरचे आजोबा
माझा नाही. पण फोन उचलणाऱ्यानं पहिला प्रश्न "दूध ओढतंय का" हा विचारावा.

जांबोटीच्या आतला बाप
नंबर ठरला की इथं टाका. टेकाडावरच्या देवळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घेतो. रेंज तिथंच येते.