सुवर्णकमळ ‘कोर्ट’ला, मग ‘किल्ला’चं काय चुकलं?

फोंड्याचा नाना

शनिवारी रात्री ‘किल्ला’ परत लावला आणि जुनी ठसठस पुन्हा सुरू झाली. ६२वे राष्ट्रीय पुरस्कार आठवा, २०१४च्या सिनेमांचे. मार्च २०१५मध्ये यादी आली: सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ला, सर्वोत्कृष्ट मराठी अविनाश अरुणचा ‘किल्ला’, सर्वोत्कृष्ट कोकणी बार्डरॉय बार्रेतोचा ‘नाचुंया कुंपासार’. आमच्या वाड्यावर तिन्हींपैकी एकही कोणी पाहिला नव्हता, तरी सगळे खूश.

माझं म्हणणं सरळ आहे. सुवर्णकमळ ‘किल्ला’ला हवं होतं. बाप गेलाय, आईची बदली झालीय, पुण्याचं पोर कोकणातल्या गावात येऊन पडलंय. एवढीच गोष्ट. पण तो पाऊस! दोस्त सोडून निघून जातात आणि चिन्मय किल्ल्यात एकटा भिजतो, तेव्हा मला चिऱ्यावरच्या शेवाळाचा वास आला. दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा, कॅमेराही त्याचाच. ‘कोर्ट’ हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण कॅमेरा एकदा ठेवला की हलायचं नाव नाही. आमच्या ग्रामसभेचं कोणी शूटिंग केलं तर असंच दिसेल.

म्हापशेकर वकील

नाना, ग्रामसभेसारखं दिसावं म्हणून माणसानं किती घाम गाळलाय ते बघा की.

पंचवीस वर्षं काळा कोट घालतोय. हिंदी सिनेमातलं कोर्ट लागलं की बायको मला चहा करायला पाठवते, कारण मी मध्येमध्ये बोलतो. ‘कोर्ट’ला मी गप्प बसलो. साक्षीदार बोलतो एक, न्यायाधीश टायपिस्टला त्याचं नीटनेटकं केलेलं दुसरंच सांगतात, आणि रेकॉर्डवर जातं ते दुसरं. सरकारी वकीलबाई जुन्या कायद्यातला इंग्रजी मजकूर एका सुरात वाचत सुटते. बिनबाह्यांचा कपडा घातला म्हणून एका बाईची केस पुढे ढकलली जाते. आणि आरोपी कोण? एक म्हातारा लोकशाहीर. आरोप काय? त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगारानं जीव दिला. वीरा साथीदार त्या पिंजऱ्यात नुसते उभे राहतात आणि दर तारखेला आणखी थकलेले वाटतात. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील खलनायिका नाही, घरी जाऊन स्वयंपाकाला लागणारी साधी बाई आहे. म्हणूनच तिची भीती वाटते. कॅमेरा कुणाच्या तोंडाजवळ नेला असता तर आपण लगेच बाजू घेऊन मोकळे झालो असतो.

व्हेनिसला २०१४मध्ये ‘ओरिझोंती’ विभागात सर्वोत्कृष्ट ठरला, वर पदार्पणाचा ‘लायन ऑफ द फ्युचर’. आपलं सुवर्णकमळ त्यानंतर आलं.

डिचोलीचा पोर

वकीलसाहेब, परदेशी पदकंच मोजायची तर ‘किल्ला’लाही त्याच वर्षी बर्लिनला क्रिस्टल बेअर मिळालंय. तेही लहान मुलांच्या ज्युरीकडून. तिकडच्या पोरांना चिन्मयचा दोस्त बंड्या कळला, आपल्या मोठ्यांना कळला नाही.

मडगावची बाई

तुम्ही दोघं भांडा. तिसऱ्याचं नाव यादीपुरतं घेतलंत आणि विसरलात.

आमचं घर भजनाचं आणि नाट्यगीतांचं. कोकणी गायिका लॉर्नाची गाणी शेजारच्या रेडिओवरून भिंतीपलीकडून यायची, आई खिडकी लावायची. ‘नाचुंया’ मी मडगावच्या रवींद्र भवनात पाहिला. संगीतकार क्रिस पेरी आणि लॉर्नाच्या आयुष्यावर बेतलेली गोष्ट, त्यांचीच गाणी. माझ्या पुढच्या रांगेतले एक म्हातारे पात्रांव प्रत्येक गाणं सुरू व्हायच्या आधी पहिली ओळ म्हणत होते. कोणी त्यांना गप्प केलं नाही. आईला नेलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्या सुवर्णकमळवाल्या सिनेमाला असा प्रेक्षक होता का?

पेडण्याचा भाऊ

बाई, रागावू नका. पण कोकणीत वर्षाला सिनेमे निघतात किती? एकटाच धावला आणि पहिला आला. आणि लोक गायले ते गाण्यांसाठी. ती गाणी आधीपासूनच आपली होती. शेवटाकडे गोष्ट ढिली पडते, हे तुम्हीही मान्य कराल.

मडगावची बाई

ढिली पडते, मान्य. पण भाऊ, त्याच यादीत प्रॉडक्शन डिझाइनचं पारितोषिकही ‘नाचुंया’लाच आहे. ते भाषेच्या कोट्यातून येत नाही, सगळ्या देशातल्या सिनेमांमधून येतं. साठ-सत्तरच्या दशकातले क्लब, कपडे, घरं त्यांनी तुटपुंज्या पैशांत उभी केली. शिवाय नायिका पालोमी घोषला विशेष उल्लेख. बंगाली मुलगी, कोकणी शिकून आली, आणि आमच्या सासष्टीच्या बायका तिला गोंयकारच समजत होत्या. धावायला दुसरं कोणी नव्हतं म्हणता?

पेडण्याचा भाऊ

डिझाइनचं मला माहीत नव्हतं. ते मागे घेतो. गोष्टीचं घेत नाही.

साखळीकर

जरा वेगळं बोलतो. मी तीन वर्षं एका नाट्यस्पर्धेला परीक्षक होतो. कुठली ते सांगत नाही, अजून त्याच गावातून जावं लागतं. तिसऱ्या वर्षी दोन नाटकं जबरदस्त होती. एकासाठी मी अडून बसलो, दुसऱ्यासाठी दुसरे परीक्षक. तिसरे गृहस्थ रात्री साडेअकरा वाजता घड्याळ बघून म्हणाले, मग ते तिसरं नाटक घ्या, त्याला कुणाचीच हरकत नाही. घेतलं. आज त्या नाटकाचं नावही मला आठवत नाही, पण ढाल कुणाच्या तरी कपाटात आहे.

ऑस्करवाल्यांनी तर ही सोय नियमातच घालून ठेवलीय. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २००९च्या सिनेमांपासून पसंतीक्रम लावून मतं देतात. शेवटचा बाद, त्याची मतं पुढच्या पसंतीला. त्यात पुष्कळांच्या दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर असलेल्याचं फावतं. ‘रोमा’ला मागे टाकून ‘ग्रीन बुक’ कसा आला, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच.

आता ‘कोर्ट’कडे बघा. हा काही कुणाचीच हरकत नसलेला सिनेमा नव्हे. निम्म्या लोकांना तो झोप आणतो, नानांसकट. तरी दिग्दर्शक भारतीराजांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळानं तोच उचलला. स्वतः भारतीराजा तमिळ मातीतले, गाणी-गावं-भावना रंगवणारे. त्यांच्या हातून ‘किल्ला’ किंवा ‘नाचुंया’ निघाला असता तर मला नवल वाटलं नसतं. ‘कोर्ट’ निघाला म्हणजे त्या खोलीत कोणीतरी घड्याळ न बघता अडून बसलं असणार.

डिचोलीचा पोर

मग वाटून द्यायचं होतं! २०११चं सुवर्णकमळ ‘देऊळ’ आणि ‘ब्यारी’ दोघांना दिलंच ना? तेव्हा सुवर्णकमळ अडीच लाखांचं होतं, भाषेचं रजतकमळ एक लाखाचं. फरक पैशाचाही होता.

म्हापशेकर वकील

वाटून दिलेलं पारितोषिक म्हणजे तडजोडीचा हुकूमनामा. दोन्ही पक्ष नाराज, वकील तेवढे सुखी.

फोंड्याचा नाना

साखळीकर, तुमची नाट्यस्पर्धा मला कळली, मी त्या दुसऱ्या नाटकात होतो. ते असो.

मला एवढंच सांगा, माणूस सिनेमा कशासाठी परत लावतो? ‘किल्ला’ मी चार वेळा पाहिला. पोरं खेकडे पकडतात, सायकली हाणतात, आणि आई झालेली अमृता सुभाष नुसती खिडकीपाशी बसली तरी घर भरून जातं. ‘कोर्ट’ एकदा पाहिला, पुरे झाला. दहा वर्षांनी कुणाला परत बघावासा वाटतो, त्यावर कमळ द्यावं.

म्हापशेकर वकील

मी तीन वेळा पाहिला. दर वेळी त्या शेवटच्या थपडेसाठी. नाना, त्या थपडेबद्दल तुम्ही अजून चकार शब्द काढला नाहीत.

फोंड्याचा नाना

कसली थप्पड?

म्हापशेकर वकील

न्यायाधीश सुट्टीवर गेलेत, बाकावर पेंगतायत, पोरं कानाशी येऊन ओरडतात, आणि ते एकाला ठेवून देतात. मग परत पेंगतात.

मडगावची बाई

नाना? कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, दिवे मालवतात, पडदा काळोखा होतो. त्याच्या पुढचं आहे हे.

फोंड्याचा नाना

दिवे मालवले तेव्हा मला संपला असं वाटलं. पणजीहून फोंड्याची शेवटची कदंबा बस धरायची होती, मी उठलो. माझ्याबरोबर आणखी चार-पाच जण उठले, सगळे फोंड्याचेच असतील.

डिचोलीचा पोर

नाना!!

पेडण्याचा भाऊ

आणि दहा वर्षं वाद घालतायत.

फोंड्याचा नाना

हसा. येत्या रविवारी शेवटपर्यंत बघतो. पण माझं मत ‘किल्ला’लाच.