मदत हवी आहे: दोन्ही तगडे सेंटर एकाच लाइनमध्ये ठेवावेत का?

कॅनडातल्या एडमंटनमधल्या आमच्या हौशी आइस हॉकी संघाच्या लाइन्स मी ठरवते. फॉरवर्ड (आक्रमक खेळाडू) नऊच, म्हणजे एकत्र बर्फावर उतरणाऱ्या तिघा-तिघांच्या तीन लाइन्स; प्रत्येकीच्या मध्यभागी खेळतो तो सेंटर. हंगामात नवा खेळाडू घेता येत नाही. दोन्ही तगडे सेंटर एकत्र खेळवले की गोल होतात, पण ते बाकावर आले की पक (खेळाची रबरी चकती) आपल्याच गोलकडच्या झोनमध्ये अडकून राहतो. वेगळे केले तर बचाव सुधारतो, गोल आटतात.

पॉवर प्लेला (शिक्षेमुळे समोरचा एक खेळाडू कमी असताना) एडमंटनच्या व्यावसायिक संघासारखी, म्हणजे ऑयलर्ससारखी, १-३-१ रचना लावून पाहिली: एक मागे ब्लू लाइनवर (आक्रमणाचा झोन जिथून सुरू होतो ती रेषा), तिघे मध्ये, एक गोलसमोर (२०२२-२३ मध्ये त्यांनी पॉवर प्लेच्या ३२.४ टक्के संधींवर गोल केले, एनएचएल या व्यावसायिक लीगचा विक्रम!). पण ब्लू लाइनवरून नेमका पास देणारा डिफेन्समन (बचावपटू) आमच्याकडे नाही. तिथे फॉरवर्ड उभा करते, आणि पक निसटला की समोरचे सुसाट सुटतात.

दोन्ही सेंटरना एरवी वेगळं ठेवून फक्त पॉवर प्लेला एकत्र आणावं का? आणि ब्लू लाइनवर फॉरवर्डच ठेवू, की साधाच पण वेगाने मागे फिरणारा डिफेन्समन?