पाळ्या बदलतात आणि सराव सुटतो. पुन्हा सुरुवात कशी करायची? (एका चर्चामंचावरून; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पानगळ

मी परिचारिका आहे, अतिदक्षता विभागात. सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या दर आठवड्याला बदलतात. चार वर्षांपूर्वी ठरवलं की झाडापानांची चित्रं काढायला शिकायचं. नुसती सुंदर नव्हेत, तर पानाच्या शिरा कुठून फुटतात, देठ फांदीला कसा जोडलेला आहे, हे बघणाऱ्याला नीट कळेल अशी. १०० पानी चित्रवही आणली. आज मोजली तर २९ पानं भरली आहेत.

प्रत्येक पानावर तारीख आहे. एकदा सलग ११ दिवस काढलीत, मग दोन महिने काहीच नाही. सकाळची पाळी असली की संध्याकाळी सातला बसायचे. पाळी बदलली की सातला मी एकतर कामावर असते, नाहीतर झोपेत. एक दिवस चुकला की दुसरा चुकतो, आणि नंतर ती वही डोळ्यांसमोरही नको वाटते. घरचे प्रेमानेच 'आरंभशूर' म्हणतात, पण तो शब्द मनाला लागतो. कामात मी तशी नाही.

त्यात फोन. घरी आल्यावर दहा मिनिटं म्हणून हातात घेते आणि पाऊण तास जातो. काय पाहिलं ते नंतर आठवतही नाही.

'रोज ठरलेल्या वेळी बसा' हे कृपया सांगू नका. ते मला जमण्यासारखंच नाही. ज्यांचं वेळापत्रक स्वतःच्या हातात नव्हतं आणि तरीही काही तडीस नेलं, त्यांनी काय केलं ते ऐकायचंय.

दुसरी पाळी

ताई, कारखान्यात तिन्ही पाळ्या करत मी पदवी पूर्ण केली. सात वर्षं लागली. पहिली दोन वर्षं तुमच्यासारखीच धरसोड चालली होती, कारण मीही घड्याळाला बांधून घेतलं होतं.

नंतर घड्याळ सोडलं आणि बूट धरले. कामाचे बूट मी कुठल्याही पाळीनंतर काढतोच, मग ती दुपार असो की पहाट. तेव्हा एवढंच ठरवलं: बूट काढले की पुस्तक उघडायचं. हात धुण्याआधी, कपडे बदलण्याआधी, उभ्या उभ्या. उघडून एक परिच्छेद वाचायचा. बहुतेक वेळा मग बसणं व्हायचंच. नाही झालं तरी परिच्छेद झालेला असायचा.

याच्यावर संशोधन आहे हे पुष्कळ नंतर कळलं. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात हे तपासून पाहिलं. 'मी अमुक करणार' एवढंच ठरवणाऱ्यांपेक्षा 'तमुक झालं की मी अमुक करणार' असं ठरवणारे काम जास्त वेळा पार पाडतात. त्याच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सुट्टीत एक छोटा अहवाल ४८ तासांच्या आत लिहून पाठवायचा होता. कधी आणि कुठे लिहिणार हे आधी नोंदवून ठेवलेल्यांपैकी साधारण ७० टक्क्यांनी तो वेळेत पाठवला. ज्यांनी तसं नोंदवलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण निम्म्याहून कमी होतं. दोघांचीही इच्छा होतीच. पण कुठल्या क्षणी उठायचं हे एकालाच माहीत होतं.

तुमच्या दिवसात पाळी कुठलीही असो, न चुकता घडते अशी गोष्ट कोणती? ती शोधा.

तिसरं पान

मला 'खंड पडला की सगळं सुटतं' याबद्दल बोलायचंय, कारण माझ्या मते खरा घोळ तिथे आहे.

२१ दिवसांत सवय लागते असं आपण सर्रास ऐकतो. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनपर्यंत जातं. त्याने १९६० मध्ये लिहिलं की चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांना नवा चेहरा आपला वाटायला किमान २१ दिवस लागतात. त्यातला 'किमान' गळला आणि लोकांनी तो नियमच करून टाकला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एक साधी गोष्ट करायला सांगितली. कृती आपोआप व्हायला लागायचा मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) निघाला ६६ दिवस, आणि माणसामाणसांतला फरक थेट १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. तेव्हा ११ दिवसांनंतर तुमची गाडी घसरली यात तुमच्या स्वभावाचा काहीच दोष नाही. ती अजून रुळावर यायचीच होती.

त्याच अभ्यासात दिसलं की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी लोक जवळपास तिथूनच पुढे गेले. नुकसान होतं ते चुकल्यावर वही लपवण्याने. मी माझ्या वहीत चुकलेल्या दिवसाची तारीख घालते आणि पुढे फक्त एक आडवी रेघ मारते. ती रेघ म्हणजेही वही उघडलेली असते.

उंबरठा

फोनबद्दल थोडक्यात. तो खोलीबाहेर ठेवा, नुसता उलटा घालून नाही. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी सर्वात चिवटपणे तीच कृती करत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरने कबुतरांवर दाखवलं होतं. फोनवर बोट फिरवताना अगदी तेच होतं, दहांतली एखादी गोष्ट खरंच आवडते. रोज त्याच्याशी मनाने झुंजण्यात दमायला होतं. उठून दुसऱ्या खोलीत जावं लागलं की बऱ्याचदा हात मागे येतो.

आणि एक सांगायचं राहिलं. रात्रपाळीनंतर झोपा. झोप म्हणजे लक्ष विचलित होणं नव्हे. वरचा बुटांचा उपाय मला पटतो, पण अतिदक्षतेतली रात्र काढून आल्यावर पेन्सिल धरायला लावणं मला योग्य वाटत नाही.

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा, तुमचं वाचून बरं वाटलं. पण रात्रपाळीनंतर मला लगेच झोपही लागत नाही. डोक्यात खाटाच फिरत असतात. तीन नंबरचा रक्तदाब, पाच नंबरच्या मुलाजवळ बसलेली आई.

दुसरी पाळी

त्यासाठी एक करून बघा. निघण्याआधी दोन मिनिटं घेऊन कागदावर लिहायचं: काय कुठे थांबलं, पुढचं पाऊल काय, ते कोणाकडे सोपवलं. तुम्ही पाळी सोपवताना तोंडी सांगताच, हे फक्त स्वतःसाठी. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सुटलेल्या कामात मनाचा एक भाग अडकून राहतो आणि पुढच्या कामाला पुरत नाही. पुढे तिच्याच अभ्यासात असंही दिसलं की परत आल्यावर कुठून सुरू करायचं हे लिहून ठेवलं तर तो भाग बऱ्यापैकी सुटतो.

पानगळ

तीन आठवड्यांनी लिहितेय. ओळखपत्राची दोरी गळ्यातून काढली की वही उघडायची, असं ठरवलं. ती मी दारातच काढते, त्यामुळे वही आता दारालगतच्या स्टुलावर असते आणि फोन आत चार्जिंगला. रात्रपाळीनंतर फक्त तारीख आणि एक रेघ.

३८ पानं झाली. २१ पैकी सहा दिवस रेघा आहेत. काल पहिल्यांदाच चित्र मुद्दाम अर्धवट ठेवून उठले. मधली शीर आणि डावीकडच्या चार उपशिरा झाल्या, उजवी बाजू कोरी. दिवसभर त्या उजव्या बाजूची आठवण येत होती, आणि कामावरून येताना पावलं भराभर पडत होती.

फक्त आज पान सुकून कडेने वळलं होतं. दोन बसण्यांत एकच पान काढायचं तर ते ताजं कसं ठेवायचं?

तिसरं पान

ओलसर कागदात सैल गुंडाळून बंद पिशवीत, फ्रिजमध्ये. कागद आधी पिळून घ्या, पानावर पाणी साचलं की डाग पडतात. आणि पहिल्याच बैठकीत लांबी, रुंदी आणि दोन्ही बाजूंच्या शिरा मोजून कोपऱ्यात लिहून ठेवा. पान वळलं तरी मापं वळत नाहीत.