रेट सिंड्रोम : भाचीसाठी मदत हवी आहे (ऐरोली / ठाणे)

नमस्कार. माझी भाची ऐरोलीला असते, चार वर्षांची होईल. दीड वर्षापर्यंत 'मम', 'बाबा', 'माऊ' म्हणायची. मग शब्द गेले, खेळणं हातात धरेना, दिवसभर हात चोळत बसायला लागली. आधी ऑटिझम सांगितलं होतं. आता जनुकीय तपासणीत एमईसीपी२ या जनुकात दोष निघाला, म्हणजे रेट सिंड्रोम.

मी वाचलंय ते असं : या जनुकापासून बनणारं प्रथिन डीएनएला चिकटून चेतापेशींत कुठलं जनुक किती चालायचं ते सांभाळतं. ते नीट नसलं तरी पेशी मरत नाहीत. लहान राहतात, फांद्या कमी फुटतात, आपसातल्या जोडण्या कच्च्या राहतात. २००७ मध्ये एडिनबर्गला एड्रियन बर्ड या शास्त्रज्ञांच्या गटाने आजारी उंदरांत हे जनुक पुन्हा चालू केलं, तर लक्षणं बरीच मागे हटली. उंदरांतलं माणसात होईलच असं नाही, पण "मेंदूच गेला, थेरपीवर पैसे कशाला" हे घरातलं बोलणं मला अजिबात पटत नाही. पोरगी डोळ्यांत डोळे घालून बघते हो!

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ताई-दाजींच्या रक्तात दोष नाही, तरी पुढच्या वेळी गर्भाची तपासणी करा म्हणतात, ते का? सासूबाई ताईलाच बोल लावतात, त्यांना काय सांगू? आणि नजरेवरून संवाद शिकवणारं ठाणे-नवी मुंबईत कोणी माहीत आहे का?

प्रतिसाद

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, हाच आजार. सासूबाईंना स्पष्ट सांगा : बहुतेक मुलींत हा बदल नव्यानेच घडतो, गरोदरपणातल्या खाण्यापिण्याशी किंवा वागण्याशी त्याचा संबंध नाही. तपासणी एवढ्यासाठी की रक्तात न दिसणारा दोष क्वचित आईबाबांच्या बीजपेशींत (स्त्रीबीज किंवा शुक्राणूंत) असू शकतो. शक्यता फार कमी, पण शून्य नाही.

खारघरला एनआयईपीआयडीचं (बौद्धिक दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था) प्रादेशिक केंद्र आहे, तिथे विचारा. नजर टिपणारं महागडं यंत्र लगेच घेऊ नका. दोन चित्रं एकमेकांपासून लांब धरा, दूध की केळं, आणि ती कुठे बघते त्यासाठी थांबा. आमचीला उत्तर द्यायला बराच वेळ लागतो, आपण घाई करतो तिथेच चुकतं.

आणि ईसीजी काढलाय का? काही मुलींत क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा, ईसीजीत दिसणारा वेळ) लांबतं, मग काही औषधं चालत नाहीत. दरवर्षी काढायला सांगा. पाठीचा कणाही बघून घ्या.