मदत हवी आहे: पालिका निवडणुकीला अपक्ष उभं राहायचंय

नमस्कार मंडळी. मी परळच्या चाळीत वाढले. 1982 च्या गिरणी संपात आजोबांचा पगार थांबला, तरी आजी पिठाचा डबा उघडला की आधी शेजारच्या घराचं माप बाजूला काढायची. बाबा आजही संध्याकाळी गॅलरीतल्या बाकड्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून देतात. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं, कुणाचा हयातीचा दाखला, पाण्याची तक्रार. खाली कार्बन पेपर घालून प्रत ठेवतात. "पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही," हे त्यांचं वाक्य ऐकतच मी मोठी झाले.

म्हणूनच पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवलंय. वय 21 पूर्ण, पालिकेच्या मतदारयादीत नाव, दोन अपत्यांची अट, एवढं तपासलंय. 227 पैकी निम्म्या जागा महिलांसाठी असतात, पण आमचा प्रभाग कशात जाईल हे सोडतीलाच कळणार. तो मागासवर्गासाठी राखीव झाला तर शेजारच्या प्रभागातून लढावं का? तिथले लोक आपलं मानतात का? कुणी अपक्ष लढलं असेल तर प्रचाराच्या खर्चाचा हिशेब कसा ठेवलात, तेही सांगा.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न. बाबा म्हणतात, मत मागायला गेलीस तर लोकांना वाटेल, इतकी वर्षं अर्ज लिहिले ते याचसाठी. मला रात्र रात्र हेच टोचतं. तुमच्या घरात असं झालंय का? वडीलधाऱ्यांशी काय बोललात?