नागपूरच्या महाल भागातला पायी फेरफटका : सुरुवात कुठून?

झिरो माइलच्या खांबापासून चालत निघायचा बेत असेल तर बदला. महालापर्यंत पोचतानाच पाय बोलू लागतात, आणि दहानंतर दुकानं उघडली की गल्लीत उभं राहायलाही जागा उरत नाही. सकाळी साडेसहाला गांधीसागरवर या. हाच शुक्रवारी तलाव, पूर्वीचा जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून जवळची वेससुद्धा जुम्मा दरवाजा. आजचं गांधी गेट. गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातली.

आत शिरलात की बडकस चौकाकडे रमतगमत जा. भोसल्यांचा मोठा राजवाडा बाहेरूनच बघावा लागतो. जुन्या वाड्यांत लोक राहतात, विचारल्याशिवाय आतल्या चौकात, म्हणजे अंगणात, शिरू नका.

बघायचं काय? सागवानी खांबाचा पाया. खांब थेट जमिनीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, उभा करत. त्यामुळे ओल आणि वाळवी सहज वर चढत नाही. जिथे दुरुस्तीत खांबाभोवती सिमेंट ओतलंय, तिथे लाकूड खालून कुजलेलं दिसेल. चुन्याच्या भिंतीचंही तेच. वरून सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते, पोपडे सुटतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीच या. मे महिन्यात हे धाडस नको. झणझणीत रश्शाचे तर्री पोहे मात्र शेवटी, आधी खाल्ले की चालवत नाही.